सहा अंशांतला धूर, बेचाळीस अंशांतला धूर

डिसेंबरात पहाटे साडेपाचला माळीवाड्याच्या स्टँडवर उतरलं की सगळं नगर विडी ओढतंय असं वाटतं. कंडक्टरच्या तोंडातून धूर, भाजीची पाटी घेऊन बसलेल्या बाईच्या तोंडातून धूर, पोत्यावर मुटकुळं करून पडलेल्या कुत्र्याच्या नाकातून धूर. त्यात खरोखर विडी ओढणारे असतात दोन किंवा तीन. बाकीच्यांची नुसती वाफ असते. शाळेत असताना आम्ही अशा सकाळी खडूचा तुकडा दोन बोटांत धरून ऐटीत झुरके मारायचो, आणि मास्तरही हसून सोडून द्यायचे, कारण गुन्ह्याचा पुरावा हवेतच विरून जायचा.

आता त्याच खडूच्या जागी वेप आलाय. पेनासारखी नळी, टोकाला छोटा दिवा, आत बॅटरी आणि गोड वासाचा द्रव. आपल्याकडे तो बेकायदा आहे. १८ सप्टेंबर २०१९ला केंद्राने अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचा कायदा झाला. ई-सिगारेट बनवली, आणली, विकली किंवा तिची जाहिरात केली, तर पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर तीन वर्षं आणि पाच लाख. नुसता साठा केला तरी सहा महिने किंवा पन्नास हजार, किंवा दोन्ही. म्हणजे नगरच्या टपरीवर ही वस्तू राजरोस टांगलेली दिसायची नाही. पण ती उघड्यावर, कडाक्याच्या थंडीत आणि रणरणत्या उन्हात कशी वागते, हा प्रश्न मला निराळ्याच कारणासाठी आवडतो. त्याच्या मागे गेलं की आकडे असे काही सुटतात की स्टँडवरची एक पहाट पुरत नाही.

आधी वाफेचाच हिशेब करू. माणूस शांत बसला असेल तर मिनिटाला साधारण १५ श्वास घेतो. पंधरा गुणिले साठ गुणिले चोवीस, म्हणजे दिवसाला २१,६०० श्वास. हा आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आलाय असं समजू नका. आपल्या योगपरंपरेत तो शेकडो वर्षं जसाच्या तसा सांगितला जातो. शके १२१२ला याच जिल्ह्यात, नेवाशाला, पैसाच्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेचं निरूपण केलं, तेव्हा समोर बसलेल्यांतल्या काहींना तरी तो माहीत असणारच. एका श्वासात अर्धा लिटर हवा धरली, तर दिवसाला १०,८०० लिटर होते. दहा हजार लिटरच्या पाण्याच्या टँकरपेक्षाही जास्त, आणि नगर जिल्ह्यातल्या माणसाला टँकरचं माप समजावून सांगावं लागत नाही.

नाकातोंडातून बाहेर पडणारी हवा ३४ अंशांच्या आसपास असते आणि ओलाव्याने गच्च भरलेली असते. त्या तापमानाला एक घनमीटर हवा साधारण ३७-३८ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात धरते. म्हणजे अर्ध्या लिटरच्या उच्छ्वासात १८-१९ मिलिग्रॅम. बाहेर सहा अंश असतील, तर तिथल्या हवेची ऐपत घनमीटरमागे जेमतेम सव्वासात ग्रॅमची. अर्ध्या लिटरला साडेतीन मिलिग्रॅम फार तर मावतात. उरलेलं पंधरा मिलिग्रॅम पाणी जाणार कुठे? त्यातलं बरंचसं बारीक थेंब होऊन डोळ्यांना दिसतं. तोच आमचा खडूचा धूर.

वेपच्या एका झुरक्यात साधारण पाच-दहा मिलिग्रॅम द्रवाचं धुकं होतं. म्हणजे डिसेंबरच्या पहाटे एखादा पोरगा भलामोठा ढग सोडून मित्रांकडे मिशीतल्या मिशीत हसत असेल, तर त्या ढगात अर्ध्याहून जास्त माल त्याचा स्वतःचा, फुफ्फुसातला, फुकटचा असू शकतो. शेजारी उभी असलेली भाजीवाली तोच ढग एक रुपयाही खर्च न करता सोडते.

मे महिन्यात दुपारी दोनला तोच पोरगा, तोच स्टँड. पारा ४०-४२. या तापमानाला हवेची पाणी धरायची ऐपत घनमीटरमागे पन्नास ग्रॅमच्या वर जाते, आणि नगरच्या कोरड्या उन्हाळ्यात त्यातले आठ-दहा ग्रॅमच भरलेले असतात. उरलेली चाळीस ग्रॅमची जागा तहानलेली. त्या हवेत तोंडातली वाफ दिसायची सोयच नाही. पोराच्या ढगातला फुकटचा हिस्सा बाहेर पडता पडता गायब होतो आणि दिसतो तो निव्वळ विकतचा.

त्या धुक्यातले थेंबही मोजलेत. झुरक्याच्या ताज्या, न विरलेल्या धुक्यात एका मिलिलिटरला एक अब्जाच्या घरात कण असतात. सिगारेटच्या धुराचंही तसंच. प्रयोगशाळेत यंत्र ज्या मापाने सिगारेट ओढतं, तो ठरलेला झुरका ३५ मिलिलिटरचा असतो, म्हणजे पोहे खायच्या दोन-तीन चमच्यांएवढा. त्यात ३,५०० कोटी कण. भारताची लोकसंख्या १४० कोटी धरली, तर नगरच्या स्टँडवरच्या एका झुरक्यातून देशातल्या प्रत्येकाला, तान्ह्या बाळासकट, २५ थेंब वाटता येतील. वाटू नयेत, पण येतील.

आता त्या नळीच्या पोटात शिरू. तिथलं यंत्र पाहिल्यावर आजीने लगेच ओळखलं असतं, कारण ती समई आहे. तेल आहे, वात आहे. फक्त ज्योतीच्या जागी तापणारी तार. कापसाच्या वातीतून द्रव वर चढतो, तार त्याला दोनशे-अडीचशे अंशांपर्यंत तापवते आणि त्याचं धुकं होतं. द्रव म्हणजे मुख्यतः दोन पदार्थ, प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन. पहिला उणे ५९ अंशांना गोठतो आणि १८८ला उकळतो. नगरच काय, द्रासच्या थंडीनेही त्याचं फारसं बिघडत नाही. भानगड दुसऱ्याची आहे.

ग्लिसरीन आपल्या ओळखीचं. थंडीत ओठ आणि टाचा फुटल्या की गुलाबपाण्यात मिसळून लावतो तेच. त्याचा वितळणबिंदू १७.८ अंश. म्हणजे नगरच्या हिवाळ्यातल्या प्रत्येक रात्री त्याने कायद्याने गोठायला हवं. प्रत्यक्षात ते हट्टी आहे, गोठत नाही, नुसतं घट्ट होत जातं. खोबरेल तेल निदान सरळ असतं. चोवीस अंशांच्या खाली ते थिजतं, आपण बाटली उन्हात ठेवतो, विषय संपतो. ग्लिसरीन मात्र आतल्या आत जाड होतं. ४० अंशांना शुद्ध ग्लिसरीनचा दाटपणा पाण्याच्या २० अंशांच्या दाटपणाच्या २८४ पट असतो. २० अंशांना १,४०० पट. १० अंशांना ३,९०० पट. शून्याला १२,००० पट. पाण्याचं स्वतःचं पाहिलं, तर १० पासून ४० अंशांपर्यंत तापवल्यावर त्याचा दाटपणा जेमतेम निम्म्यावर येतो. ग्लिसरीनचा त्याच तीस अंशांत जवळजवळ चौदावा हिस्सा उरतो.

वातीतून द्रव ठरावीक अंतर चढायला लागणारा वेळ दाटपणाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे मे महिन्यात एका सेकंदात जिथवर पोचलं असतं, तिथवर पोचायला जानेवारीत निव्वळ ग्लिसरीनला १४ सेकंद लागतील. वेपमधलं मिश्रण ग्लायकॉलमुळे एवढं टोकाचं नसतं, पण दिशा तीच. वात कोरडी राहते, तार मात्र तापतच राहते, आणि समईत तेल संपल्यावर जो करपट वास येतो, तसलाच चटका घशात उतरतो. फक्त समईत करपतो तो कापूस. इथे कापसाबरोबर द्रवही नको तितका तापतो, आणि त्यातून फॉर्माल्डिहाइडसारखे पदार्थ निघतात. उन्हाळ्यात उलटा त्रास. द्रव इतका पातळ होतो की वात ओसंडते आणि खिशात गळते. ज्याने कधी मे महिन्यात शर्टाच्या खिशात शाईचं पेन ठेवलंय, त्याला हे निराळं सांगायला नको.

बॅटरीचं तर आणखी नाजूक. अशा यंत्रांत पुष्कळदा १८६५० नावाचा लिथियम सेल असतो. नावातच माप आहे, १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी. वजन ४५ ग्रॅमच्या आसपास. त्यात साधारण ११ वॉट-तास वीज मावते, म्हणजे चाळीस हजार ज्यूल. तीन सेकंदांच्या एका झुरक्याला १५ वॉटने ४५ ज्यूल लागतात असं धरलं, तर कागदावर ८८० झुरके निघतात. दुसऱ्या भाषेत सांगायचं, तर तेवढ्या विजेत सव्वाशे मिलिलिटर पाणी उकळेल. स्टँडवरचं एक कटिंग सहज.

थंडीत हा सेल आखडतो. शून्याच्या आसपास त्याची ताकद जाणवेल एवढी घटते, आणि शून्याखाली असताना चार्जिंगला लावला तर लिथियम आत धातूच्या थराच्या रूपाने साचतं आणि सेल कायमचा बिघडतो. नगरला शून्य कधी होत नाही. कडाक्याच्या लाटेत पारा सहा-सातपर्यंत येतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर शेकोटीचा फोटो छापून येतो. त्यामुळे इथे थंडीपेक्षा उन्हाची भीती खरी. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात, आपल्या मे महिन्यासारख्याच उन्हात, तासभर उभ्या केलेल्या गाड्यांची तापमानं मोजली. गाडीच्या आतली हवा सरासरी ४७ अंश, आणि डॅशबोर्ड ६९. पुणे रस्त्यावर ढाब्यासमोर गाडी लावून मिसळ खाऊन येईपर्यंत डॅशबोर्डवर राहिलेली कुठलीही बॅटरी, मग ती वेपची असो की मोबाइलची, या आकड्याच्या जवळ जाते. लिथियम सेलच्या आतले रासायनिक थर ऐंशी-नव्वद अंशांपुढे विस्कटायला लागतात, आणि दोन ध्रुवांमधला प्लॅस्टिकचा पडदा १३०च्या आसपास वितळतो. त्यानंतर त्या चाळीस हजार ज्यूलना एकदम बाहेर यायची घाई होते.

इथे विडी पुढे येते आणि शांतपणे हसते.

विडीत लिथियम नाही, पडदा नाही, ग्लिसरीन नाही. टेंभुर्णीचं पान, पाव ग्रॅमहून कमी तंबाखू आणि एक दोरा. तरी वाळलेल्या पाल्यापाचोळ्यात ग्रॅममागे सुमारे १५ किलोज्यूल ऊर्जा असते, आणि लिथियम सेलमध्ये एक किलोज्यूलही धड नाही. वजनाला वजन लावलं, तर जगातल्या सगळ्यात लाडक्या बॅटरीपेक्षा दहा-पंधरा विड्यांच्या बंडलात सतरापट दारूगोळा आहे. तिला फक्त हवेतला प्राणवायू फुकट मिळतो, तो बॅटरीला मिळत नाही, म्हणून ही तुलना जरा अन्यायाची आहे. पण आकडा आकडा असतो.

झुरका मारताना जळत्या तंबाखूच्या टोकाला नऊशे अंशांच्या आसपास तापमान जातं. या नऊशेपुढे नगरची थंडी आणि नगरचं ऊन यांची किंमत काय, ते केल्विनमध्ये पाहावं. ही मोजणी खऱ्या शून्यापासून होते आणि सेल्सियसमध्ये २७३ मिळवले की झालं. सहा अंशांची पहाट २७९ केल्विन. बेचाळीस अंशांची दुपार ३१५. आपण ज्या फरकासाठी हिवाळ्यात स्वेटर आणि घोंगडी काढतो, उन्हाळ्यात घागर ओल्या फडक्यात गुंडाळतो, आणि दोन्ही ऋतूंत सरकारला शिव्या देतो, तो फरक विश्वाच्या हिशेबात जेमतेम तेरा टक्के. विडीचं टोक ११७० केल्विनच्या पुढे. सूर्याचा पृष्ठभाग ५,७७२. म्हणजे पारावर बसून बोटांत धरलेलं ते टोक सूर्याच्या एक पंचमांश तापलेलं असतं, आणि ओठापासून अंतर किती, तर पाच सेंटिमीटर!

म्हणून विडीला ऋतू नसतो. तिचा एकच वैरी, वारा. सुप्याजवळ कवड्या डोंगरावर उगाच पवनचक्क्या उभ्या केलेल्या नाहीत. त्या पठारावर काडी ओढणारा माणूस पाहा. दोन्ही तळहातांची ओंजळ, त्यात मान घातलेली, काडी पेटायच्या आधीच पहिला झुरका. विडीचं पान हवा आत घेत नाही, म्हणून ती सारखी विझते आणि सारखी ओढावी लागते. सिगारेट ९ झुरक्यांत संपते, तर विडीला २८ लागतात, असं एका जुन्या मोजणीत आढळलं होतं. वेपवाल्यांनी बटण दिलं, विडीवाल्याने ओंजळ शोधली.

वाऱ्यालाही न भिणारी एक वस्तू या जिल्ह्यातच आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. संगमनेरचा गाय छाप जर्दा. ना आग, ना तार, ना वात. चिमूटभर चुना, तळहात आणि अंगठा. सहा अंश असोत की बेचाळीस, मळणं सारखंच. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातल्या दर हजार प्रौढांमागे ३८ जण ओढणारे निघाले आणि २४४ धूर न काढता तंबाखू घेणारे. म्हणजे आपल्याकडे प्रत्येक झुरक्याच्या मागे सहा चिमटी. त्याच पाहणीत ई-सिगारेटचं नाव देशातल्या शंभरातल्या तीन प्रौढांनी ऐकलेलं होतं. वेपच्या थंडी-उन्हाची चिंता करायला आपल्याला अजून सवड आहे. चुन्याची जखम मात्र टाटा रुग्णालयाच्या वॉर्डात बाराही महिने दिसते.

पण विडीला ऋतू नसतो, हे म्हणणं ओढणाऱ्याचं झालं. वळणारीला विचारा.

नगर शहरात पद्मशाली घरांतल्या बायकांनी पिढ्यानपिढ्या विड्या वळल्या. मूळ तेलंगणातल्या, घरात तेलुगू बोलायच्या, दारात मराठी. मांडीवर सूप, सुपात पानं, कात्री, पत्र्याचा साचा आणि तंबाखू. पान रात्रभर भिजवायचं, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं, कारण कोरडं पान वळताना तडकतं. हिवाळ्यात ते फडकं सकाळपर्यंत ओलं राहतं. मे महिन्यात दहा वाजताच करकरीत होतं, आणि पंखा लावला तर पान वाळतं, न लावला तर बाई. पावसाळ्यात याच्या उलट, वळलेली विडी सादळते. ते पानसुद्धा उन्हाचंच लेकरू. गडचिरोली-गोंदियाच्या जंगलात एप्रिल-मेच्या उन्हात ते खुडतात, सत्तर पानांचा पुडा बांधतात, आणि हजार पुड्यांचं एक गोणं होतं. म्हणजे सत्तर हजार पानं. एकेक पान हाताने तोडलेलं.

सराईत बाई दिवसाला हजारापर्यंत विड्या वळते. मजुरीही हजारावरच. एक विडी सहा सेंटिमीटरची धरा. हजार विड्या टोकाला टोक लावल्या तर ६० मीटर. दिवसभर मान मोडून साठ मीटर, हे ऐकायला काहीच वाटत नाही. वर्षाचे ३०० दिवस, की १८ किलोमीटर. तीस वर्षं, की ५४०. नगरहून मुंबई सुमारे अडीचशे किलोमीटर. एक बाई सुपावरून न उठता मुंबईला जाऊन परत येते, आणि वर चाळीस किलोमीटर शिल्लक राहतात. त्या वाटेवर नव्वद लाख विड्या, नव्वद लाख दोऱ्याचे वेढे, आणि नव्वद लाख वेळा नखाने दुमडलेलं तोंड.

सरकारच्या हिशेबात देशात विडी कामगार पन्नास लाखांच्या जवळपास आहेत. सगळ्या रोज हजार वळत नाहीत, म्हणून निम्म्याच, पाचशे धरू आणि दिवस तीनशे. वर्षाच्या ७५,००० कोटी विड्या होतात. हा माझा बोटांवरचा हिशेब आहे, सरकारी नाही. पण टोकाला टोक लावल्या तर साडेचार कोटी किलोमीटर, म्हणजे चंद्रापर्यंत ५८ वेळा जाऊन येणं. एकेकीत ०.२ ग्रॅम तंबाखू धरली तरी दीड लाख टन, दहा टनांचे पंधरा हजार ट्रक. हे सगळं मांडीवर, कात्रीने.

थंडीत धूर ओढणाऱ्यांत नगरचा सर्वांत प्रसिद्ध माणूस मात्र विडीवाला नव्हता. ९ ऑगस्ट १९४२ला मुंबईत पकडलेले काँग्रेसचे पुढारी रेल्वेने आणून नगरच्या भुईकोट किल्ल्यात ठेवले. त्यांत नेहरू होते, वल्लभभाई होते आणि मौलाना अबुल कलाम आझाद होते. मौलानांना थंडीचा शौक आणि सिगारेटचाही. पहाटे तीन-चारच्या सुमाराला ते उठत, स्वतःच्या हाताने चिनी चहा करत, चमेलीच्या नावाचा, बिनदुधाचा, आणि मग चहाचा एक घोट, सिगारेटचा एक झुरका अशी पाळी लावत. या सोहळ्याचं त्यांनी ‘ग़ुबार-ए-ख़ातिर’मधल्या पत्रांत रंगून वर्णन केलंय. ती पत्रं किल्ल्यातून कधी टपालात पडलीच नाहीत. सुटकेनंतर, १९४६ साली, त्यांचं पुस्तक निघालं.

ऑगस्ट १९४२ ते एप्रिल १९४५. म्हणजे मौलानांच्या वाट्याला किल्ल्यात नगरचे तीन पूर्ण हिवाळे आले आणि दोन पूर्ण उन्हाळे. खोलीबाहेर अंधार, आत पेला, आणि त्या पेल्यावरची वाफ, सिगारेटचा धूर आणि त्यांचा स्वतःचा उच्छ्वास, तिन्ही ढग एकमेकांत मिसळलेले. त्यातला कुठला कुणाचा, हे पहाऱ्यावरच्या शिपायाला सांगता आलं नसतं. दीडशे मिलिलिटरचा एक पेला वीस अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला पन्नास हजार ज्यूल लागतात. वेपच्या त्या अख्ख्या बॅटरीत चाळीस हजारच असतात. मौलानांचं पाणी ऐंशी-पंच्याऐंशी अंशांपर्यंत आलं असतं आणि बॅटरी बसली असती.